घरासाठी जनरेटर किती क्षमतेचा हवा, हे कसे ठरवावे

नागपुरात नवतपा, म्हणजे मे महिन्याच्या अखेरीचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू असताना दिवसभराच्या उकाड्यानंतर संध्याकाळी एकाएकी आभाळ भरून येते, धुळीचे वादळ सुटते आणि फांद्या तारांवर पडून वीज जाते, हे येथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचे आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आमच्या भागातली, म्हणजे मनीषनगरच्या पलीकडची वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. वडिलांना त्या काळात घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारे विजेवरचे यंत्र, लागत असे आणि इन्व्हर्टरची बॅटरी पहाटेच संपली होती. सकाळी धावपळ करून २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर भाड्याने आणला. ‘घराला पुरून उरेल,’ असे देणाऱ्याने सांगितले होते. पंखे फिरले, कॉन्सन्ट्रेटर सुरू झाला, फ्रिजही चालू झाला. मग टाकीत पाणी चढवण्यासाठी मी बोअरच्या मोटरीचे बटण दाबले, तेव्हा जनरेटरचा आवाज एकदम जड झाला, दिवे मंदावले, स्टार्टरच्या पेटीतून नुसती घरघर ऐकू आली आणि तीन-चार सेकंदांत सगळेच बंद पडले. कॉन्सन्ट्रेटरचा अलार्म वाजू लागला. घरात ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर होता म्हणून निभावले.

त्या सकाळी देणाऱ्याचा आणि माझा अंदाज एकाच ठिकाणी चुकला होता. उपकरण चालताना किती वीज घेते, एवढेच आम्ही धरले होते. ते सुरू होण्याच्या क्षणी किती घेते, याचा विचार दोघांनीही केला नव्हता. घरगुती जनरेटरची क्षमता ठरवण्याचा सगळा हिशेब या एका फरकाभोवती फिरतो आणि तो करण्यासाठी बेरीज, गुणाकार आणि भागाकार यांपलीकडे काही लागत नाही.

आपल्या घरी येणाऱ्या विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. एखाद्या उपकरणातून किती अँपिअर प्रवाह वाहतो, त्याला या दाबाने गुणले की त्या उपकरणाचा भार ढोबळमानाने कळतो. दिवा, इस्त्री, गिझर यांच्या बाबतीत हा गुणाकार सरळ वॅट देतो. मोटर असलेल्या उपकरणांचे तसे नसते, कारण मोटर जो प्रवाह ओढते त्यातला काही भाग तिचे चुंबकीय क्षेत्र उभे करण्यात गुंततो आणि त्याचे प्रत्यक्ष काम होत नाही. रसवंतीत उसाच्या रसाचा ग्लास समोर येतो, तेव्हा त्यात खाली रस आणि वर फेस असतो. तहान रसाने भागते, पण ग्लास मात्र दोन्ही मावतील एवढा घ्यावा लागतो. केव्हीए, म्हणजे हजार व्होल्ट-अँपिअर, हा तो पूर्ण ग्लास आणि किलोवॅट म्हणजे त्यातला रस. या दोहोंच्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. २ केव्हीएच्या जनरेटरचा पॉवर फॅक्टर ०.८ असेल, तर त्यातून प्रत्यक्षात १६०० वॅटच मिळतात. दुकानात बोलणे केव्हीएमध्ये होते आणि आपल्या मनात वॅट असतात, त्यामुळे जनरेटरच्या पाटीवर ही दोन्ही एकके आणि पॉवर फॅक्टर यांपैकी काय छापले आहे, ते स्वतः वाचून घ्यावे.

त्याच पाटीवर बहुधा दोन आकडे असतात, एक कमाल क्षमतेचा आणि दुसरा सतत चालण्याच्या क्षमतेचा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बहुतेक वेळा कमाल क्षमतेचा असतो; तेवढा भार यंत्र थोडाच वेळ पेलू शकते. पंखे, फ्रिज, कूलर हे तासन्‌तास चालणारे भार दुसऱ्या, लहान आकड्यातच बसवावे लागतात.

आता सुरुवातीच्या क्षणाकडे वळू. मोटर वेगात फिरत असते तेव्हा तिच्या आत एक विरोधी विद्युतदाब तयार होतो आणि तो बाहेरून येणाऱ्या प्रवाहाला आवर घालतो. मोटर थांबलेली असते तेव्हा हा आवर नसतो, त्यामुळे बटण दाबल्यापासून ती वेग घेईपर्यंत प्रवाह कितीतरी पटींनी वाढतो. हा काळ एखाद्या सेकंदाचा किंवा त्याहूनही कमी असतो. महावितरणच्या तारेवर असताना दिवा क्षणभर लुकलुकतो आणि आपण तिकडे लक्षही देत नाही, कारण त्या तारेमागे कोराडी आणि खापरखेड्यासारख्या वीजकेंद्रांची प्रचंड ताकद उभी असते. जनरेटरमागे मात्र एकच छोटे इंजिन असते. त्याला सुरुवातीच्या वाढीव भाराचा हा धक्का पेलला नाही की दाब घसरतो; दाब घसरला की मोटरीला वेग घेता येत नाही; वेग आला नाही की प्रवाह चढाच राहतो आणि शेवटी संरक्षक स्विच पडतो किंवा इंजिन बंद होते. आमच्या अंगणात त्या दिवशी हेच घडले. अशा स्थितीत बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिल्यास मोटरीचे वाइंडिंग जळू शकते.

कोणत्या उपकरणाला किती धक्का लागतो, याचे ढोबळ आडाखे सांगता येतात. एलईडी दिवे, राउटर, चार्जर आणि छताचे पंखे यांच्यासाठी वेगळा विचार करण्याची गरज नाही. कूलरच्या मोटरीला चालण्याच्या दोन ते तीन पट, जुन्या पद्धतीच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला पाच-सहा पट, तर बोअरच्या सिंगल फेज मोटरीला तीन ते चार पट धरावे. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असलेले नवे फ्रिज आणि एसी हळूहळू वेग घेतात, त्यामुळे त्यांचा धक्का पुष्कळ कमी असतो. गिझर, इंडक्शन शेगडी आणि इस्त्री यांना धक्का जवळजवळ नसतो, पण त्यांचा चालू भारच १००० ते २००० वॅट असल्याने त्यांना जनरेटरपासून दूर ठेवणेच शहाणपणाचे.

आडाखे झाले, तरी आपल्या घरातले खरे आकडे आपल्याच हाताने काढता येतात. उपकरणाच्या मागच्या पाटीवर वॅट किंवा अँपिअर लिहिलेले असतात. स्थानिक बनावटीच्या लोखंडी कूलरला मात्र अनेकदा पाटीच नसते आणि नागपुरात तर निम्म्या घरांत असेच कूलर दिसतात. अशा वेळी घराबाहेरचा विजेचा मीटर कामी येतो. मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी एका युनिटला किती इम्पल्स, तो आकडा छापलेला असतो. तो ३२०० असेल, तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च होते. घरातल्या सगळ्या एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच, खाली पाडून फक्त कूलरच्या सर्किटची एमसीबी चालू ठेवावी, त्या सर्किटवर दुसरे काही सुरू नाही याची खात्री करावी, कूलरचा पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही चालू करावेत, आणि मोबाइलमधले घड्याळ लावून दहा लुकलुकींना लागणारा वेळ मोजावा. मग ३६ लाखांना (एका युनिटमध्ये इतके वॅट-सेकंद असतात) मीटरवरच्या आकड्याने भागावे, आलेल्या संख्येला दहाने गुणावे आणि त्याला मोजलेल्या सेकंदांनी भागावे. उत्तर वॅटमध्ये मिळते. आमच्या कूलरला दहा लुकलुकींसाठी ५५ सेकंद लागले. ३६ लाख भागिले ३२०० म्हणजे ११२५, त्याची दहापट ११,२५० आणि त्याला ५५ ने भागले की सुमारे २०५ वॅट. ज्या कूलरला मी अंदाजाने १०० वॅट धरत आलो होतो, त्याचा भार दुप्पट निघाला. हे मोजमाप अर्थातच वीज असताना, निवांतपणे करून ठेवायचे आहे आणि घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरसारखे उपकरण चालू असेल, तर त्याची सोय लावल्याशिवाय एमसीबीला हात लावायचा नाही.

सुरुवातीच्या धक्क्याचा आकडा मात्र मीटर दाखवू शकत नाही. त्यासाठी सुरुवातीचा कमाल प्रवाह पकडून ठेवणारा क्लॅम्प मीटर लागतो. चांगल्या वायरमनकडे तो असतो आणि बोअरच्या मोटरीसाठी एकदा तेवढे मोजून घेणे फार मोलाचे ठरते, कारण मोटर किती खोलवर आहे, तिचे वय आणि तिला सुरू होण्यास मदत करणाऱ्या कपॅसिटरची अवस्था यांनुसार हा आकडा घराघरात बदलतो.

आकडे हाती आले की हिशेब मांडता येतो. आमच्या घराचा हिशेब असा होता: कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅट, फ्रिज १५०, तीन पंखे मिळून २२५, सहा एलईडी दिवे ५४, कूलर २०५, राउटर आणि मोबाइलचे चार्जर मिळून ५०. ही बेरीज १०३४ होते. यात एक भार लोक हमखास विसरतात, तो म्हणजे घरातला इन्व्हर्टर. जनरेटर सुरू होताच रिकामी झालेली बॅटरी चार्जिंग मागू लागते आणि १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीसाठी ३०० वॅटच्या आसपास वीज त्यात जाते. तो धरून चालू भार १३३४ वॅट झाला. बोअरची १ एचपीची मोटर यात नाही. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, असे पुस्तकात असते, पण ते मोटरीच्या दांड्यावर मिळणारे काम आहे. तेवढे काम देण्यासाठी लहान पाणबुडी मोटर तारेतून ११०० ते १२०० वॅट ओढते. सुरू होताना आमची मोटर ३५०० व्होल्ट-अँपिअरपर्यंत जाते.

येथे सगळ्या धक्क्यांची बेरीज करण्याची चूक होऊ नये. सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होत नाहीत, किंवा आपण त्या तशा होऊ देत नाही. म्हणून प्रश्न असा विचारावा, की बाकी सगळे चालू असताना सर्वांत मोठा धक्का देणारे उपकरण सुरू झाले, तर त्या क्षणाचा भार किती? मोटर वगळली, तर आमच्याकडे सर्वांत मोठा धक्का फ्रिजचा, सुमारे ९०० वॅट. १३३४ मधून फ्रिजचे १५० वजा केले की उरतात ११८४, आणि त्यात ९०० मिळवले की २०८४. फ्रिजचा विचार असा शेवटी करण्याचे कारण म्हणजे तो स्वतःच्या मर्जीने दिवसभर सुरू आणि बंद होत राहतो. त्याची वेळ आपल्या हातात नसते. आता यात बोअरची मोटर आणली, तर १३३४ अधिक ३५००, म्हणजे ४८३४. वॅट आणि व्होल्ट-अँपिअर यांची अशी सरळ बेरीज शास्त्राला धरून नाही, पण तिने येणारा आकडा थोडा जास्तच असतो आणि घरच्या हिशेबाला ते चालते.

या दोन आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. दिवसातून पंधरा-वीस मिनिटे चालणाऱ्या एका मोटरीमुळे जनरेटरची गरज दुपटीहून अधिक होते. मोटर सुरू करताना कॉन्सन्ट्रेटर सोडून बाकी सगळे बंद केले, तरी ३८५० चा धक्का उरतोच. त्यामुळे यंत्र पसंत करण्याआधी पाण्याचा निर्णय घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. वरच्या टाकीत १००० लिटर पाणी मावत असेल आणि उन्हाळ्यात ती रोज संध्याकाळी भरून ठेवण्याची सवय लावली, तर चार माणसांच्या घराचा एक दिवस काटकसरीने सहज निघतो. कूलरला रोज किती पाणी लागते हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको, तेवढे त्यात धरून ठेवावे. आम्ही हाच मार्ग स्वीकारला आणि मोटरीला जनरेटरच्या यादीतून काढून टाकले. ज्यांच्याकडे टाकी लहान आहे किंवा जनावरांना पाणी पाजावे लागते, त्यांना मोठे यंत्र घेणे भाग आहे.

आता नागपूरच्या उन्हाचा हिशेब. जनरेटरचे इंजिन पेट्रोलबरोबर हवा जाळते आणि हवा तापली की ती विरळ होते. लहान इंजिनांची क्षमता साधारण २५ अंश सेल्सिअसच्या हवेत मोजलेली असते. ४५ अंशांवर तीच हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ झालेली असते. शिवाय नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटर उंचीवर आहे आणि दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन टक्के ताकद कमी होते, असे धरतात. दोन्ही मिळून जवळपास एक दशांश घट येते. म्हणजे २००० वॅटचे यंत्र मेमधल्या दुपारी १८०० वॅटचे होते, आणि नेमक्या त्याच वेळी कूलरची गरज सर्वांत जास्त असते. म्हणून आपले दोन्ही आकडे ०.९ ने भागावेत. २०८४ चे २३१६ होतात. ही झाली कमाल क्षमतेची गरज. सतत चालणाऱ्या भाराने इंजिन कायम ऐंशी टक्क्यांच्या आत राहावे, म्हणून १३३४ ला ०.९ ने आणि पुन्हा ०.८ ने भागावे. उत्तर १८५३ येते. म्हणजे सतत १९०० ते २००० वॅट आणि कमाल २४०० वॅटपर्यंत देणारे यंत्र आमच्या घराला पुरेसे होते. भाड्याने आणलेले यंत्र १६०० वॅटचे होते आणि त्याच्यावर आम्ही बोअर लादला होता.

उगाच मोठे यंत्र घेऊन ठेवावे, असेही कोणाला वाटेल. त्यात तोटा इंधनाचा आहे. लहान पेट्रोल जनरेटर चांगल्या भारावर एका लिटरमध्ये दीड युनिटच्या आसपास वीज देतो, तर क्षमतेच्या पाव भारावर एका लिटरला जेमतेम एक युनिट निघते. पेट्रोल शंभर रुपयांच्या पुढे असताना एक युनिट ७० ते १०० रुपयांना पडते. ताशी एक युनिट धरले, तरी रात्रभरासाठी सात ते दहा लिटर पेट्रोल लागेल, आणि इतके पेट्रोल घरात साठवणे धोक्याचे आहे. म्हणून भार कमी करणे हाच खरा उपाय. साधे तीन पंखे काढून कमी वीज घेणाऱ्या मोटरीचे बीएलडीसी पंखे लावले, तर २२५ वॅटच्या जागी शंभरच्या आतबाहेर लागतात. फ्रिजचे दार उघडले नाही, तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. त्यामुळे तो सतत चालवण्याचीही गरज नाही.

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वीजबिलावरचा मंजूर भार पाहून तेवढ्या किलोवॅटचे यंत्र घेतले. मंजूर भार हा वीजजोडणी घेताना ठरलेला आकडा असतो. अडचणीच्या वेळी आपल्याला काय चालवायचे आहे, याच्याशी त्याचा संबंध नाही.

यंत्रांचे दोन प्रकार बाजारात मिळतात. साध्या जनरेटरचे इंजिन ५० हर्ट्‌झ राखण्यासाठी बहुधा मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ठरलेले असते, मग भार असो वा नसो. इन्व्हर्टर जनरेटर भाराप्रमाणे वेग बदलतो, आवाज आणि इंधन कमी लागते आणि वीजही स्वच्छ मिळते. तो महाग असतो, पण वैद्यकीय उपकरण चालवायचे असेल, तर मी दुसरा विचार करणार नाही. घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर साध्या जनरेटरची वीज कित्येकदा स्वीकारत नाही, हेही विकत घेण्याआधी तपासून पाहावे. आणि यंत्र कितीही चांगले असले, तरी कॉन्सन्ट्रेटरवर असलेल्या माणसाच्या उशाशी भरलेला सिलिंडर हवाच.

हिशेब बरोबर असूनही वायरमुळे तो बिघडू शकतो. अंगणातून घरापर्यंत २० मीटर वायर नेली, तर प्रवाहाला जाऊन-येऊन ४० मीटर अंतर पडते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत या अंतराचा रोध सुमारे एक ओहम होतो. १५ अँपिअरचा धक्का बसला की १५ व्होल्ट वाटेतच हरवतात आणि वायर तापते. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली, तर हेच नुकसान पाच व्होल्टच्या आत राहते.

यापुढचे दोन मुद्दे क्षमतेचे नाहीत, पण ते वगळून हा लेख लिहिणे मला योग्य वाटत नाही. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनरेटरची वीज घरातल्या सॉकेटमध्ये सोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. तसे केल्यास आपली वीज मीटरमधून उलट रस्त्यावरच्या तारेत जाऊ शकते, आणि तेथील ट्रान्सफॉर्मर ती पुन्हा ११,००० व्होल्टपर्यंत चढवू शकतो. त्या वेळी खांबावर आपल्याचसाठी राबणारा लाइनमन असतो. मीटर आणि जनरेटर यांपैकी एका वेळी एकालाच जोडणारा चेंजओव्हर स्विच वायरमनकडून बसवून घ्यावा आणि त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्यावे.

दुसरा मुद्दा धुराचा. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही. यंत्र मोकळ्या जागेत, दारे-खिडक्यांपासून निदान वीस फूट दूर आणि धुराचे तोंड घराच्या उलट दिशेला करून ठेवावे. पोर्च, जिना, बाल्कनी आणि गच्चीवरची खोली या जागा चालत नाहीत. कूलर बाहेरची हवा ओढून खोलीत सोडतो, त्यामुळे वाळ्याच्या ताट्या लावलेली कूलरची बाजू जिकडे असेल, तिकडे तर यंत्र कधीच ठेवू नये. आपल्या वस्त्यांमध्ये घराभोवती चार-पाच फुटांचीच मोकळी पट्टी असते. यंत्र घराच्या समोर मोकळ्यावर नेता येत नसेल, किंवा आपण फ्लॅटमध्ये राहत असाल, तर जनरेटरचा विचार सोडून त्याच पैशांत मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर घ्यावा.

आमच्या चेंजओव्हर स्विचच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. यंत्र सुरू झाल्यावर दोन मिनिटे रिकामे चालवायचे, मग फ्रिज, तो स्थिर झाल्यावर कूलर, त्यानंतर कॉन्सन्ट्रेटर आणि पंखे, आणि सर्वांत शेवटी इन्व्हर्टरचे चार्जिंग, असा क्रम त्यावर लिहिला आहे. सर्वांत मोठा धक्का रिकाम्या इंजिनाला द्यायचा आणि कॉन्सन्ट्रेटर यंत्राचा आवाज एकसारखा झाल्यावरच जोडायचा, तोपर्यंत वडील सिलिंडरवर. त्याखाली लाल शाईने एकच ओळ आहे: बोअरची एमसीबी खाली आहे का, ते आधी पाहा.